तापीकाठचे बऱ्हाणपूर : खिंड, पाणी आणि ख्रिस्ती साक्षीचे पहिले पान

खानदेश आणि निमाड या भागांत सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना बऱ्हाणपूरचे नाव अपरिचित नाही. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की रावेर मागे पडल्यावर थोड्याच वेळात हे स्थानक येते. राज्याची सीमा मध्ये आली तरी कानावर पडणारी मराठी थांबत नाही, आणि दोन्ही बाजूंची केळीची शेतेही थांबत नाहीत. या प्रदेशातील ख्रिस्ती कार्याचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः एकोणिसाव्या शतकापासून आरंभ करतो. वास्तविक बऱ्हाणपूर परिसरातील ख्रिस्ती धर्मगुरूंच्या वास्तव्याची नोंद इ. स. १६०० इतकी मागे जाते. आणि ती नोंद प्रवचनाची वा बाप्तिस्म्याची नसून एका नकाराची आहे. तो नकार काय होता आणि त्याचे मोल आपण कसे करावे, हे समजण्यासाठी प्रथम या गावाची जागा पाहिली पाहिजे. बऱ्हाणपूरच्या बाबतीत भूगोल हा इतिहासाची नुसती पार्श्वभूमी नाही, तो त्याचा कर्ता आहे.

भारताच्या मध्यावर नर्मदा आणि तापी या दोन नद्या जवळजवळ समांतर पश्चिमेकडे वाहतात आणि त्यांच्यामध्ये सातपुडा आडवा पसरला आहे. उत्तरेतून दक्षिणेत उतरू पाहणाऱ्या सैन्याला, व्यापाऱ्याला वा यात्रेकरूला ही भिंत ओलांडावीच लागते. ही भिंत ज्या थोड्या ठिकाणी ठेंगणी होते त्यांपैकी सर्वांत सोयीची खिंड बऱ्हाणपूरच्या उत्तरेस आहे. त्या खिंडीवर पहारा करीत सुमारे २० किलोमीटर अंतरावर अशीरगड उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ७०० मीटर. आग्ऱ्याहून माळव्यातून येणारा मार्ग हंडियाजवळ नर्मदा ओलांडून या खिंडीने खाली उतरे आणि तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपुरात पोहोचे. तेथून एक फाटा तापीच्या खोऱ्याने सुरतेच्या बंदराकडे जाई, दुसरा नदी ओलांडून दौलताबाद व अहमदनगरकडे. म्हणूनच या गावाला दख्खनचा दरवाजा म्हणत. दरवाजात राहणाऱ्याला घरातल्याचे आणि बाहेरच्याचे, दोघांचेही धक्के सोसावे लागतात.

हवामानानेही या गावाचे भवितव्य घडविले. मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणारी तापी येथपर्यंत येते तेव्हा ती मोठी नदी झालेली असते. परंतु तिचे मोठेपण पावसाळ्यापुरते. पाऊस वर्षाला साधारण आठशे मिलिमीटरच्या आसपास, तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो, नदीचा प्रवाह क्षीण होतो. पावसाळ्यात खोऱ्यातील काळी माती चिखल होऊन गाड्यांची चाके गिळते आणि नदीला उतार राहत नाही. त्यामुळे दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या फौजांना चार महिने कोठे तरी छावणी टाकावी लागे, आणि ती टाकण्यास बऱ्हाणपूर सर्वांत योग्य. फौज थांबली की दरबार थांबे, दरबारामागे सराफ, विणकर आणि परदेशी व्यापारी येत. या शहराचे वैभव असे छावणीतून वाढलेले आहे.

गावाची स्थापना इ. स. १४०० च्या सुमारास नासिरखान फारूकी याने केली. त्याचा पिता मलिक राजा याने थाळनेर येथे खानदेशचे राज्य मांडले होते. नासिरखानाने प्रथम अशीरगड घेतला, तो लढून नव्हे. फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेली कथा अशी की गडाचा धनी आसा अहीर याच्याकडे नासिरखानाने आपल्या स्त्रियांना आश्रय मागितला, आणि मेण्यांत स्त्रियांऐवजी शस्त्रधारी शिपाई पाठविले. ही कथा वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण दोनशे वर्षांनी याच गडाच्या दारात पुन्हा विश्वासघाताचा प्रश्न उभा राहणार आहे. नव्या नगराला खुलदाबादच्या शेख बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव दिले गेले आणि समोरच्या तीरावरील वस्तीला त्यांचे शिष्य शेख झैनुद्दीन यांच्यावरून झैनाबाद. शेख झैनुद्दीन स्वतः येऊन नव्या राजाला आशीर्वाद देऊन गेले अशी परंपरा आहे. कालगणना पाहता हे जमत नाही. गुरू १३३७ साली आणि शिष्य १३७० च्या आगेमागे निवर्तले होते. परंतु तलवारीने आणि कपटाने मिळविलेल्या भूमीवर संतांचे नाव ठेवण्याची गरज राज्यकर्त्याला वाटली, ही गोष्ट परंपरेतून खरीच उरते.

फारूकींपैकी आदिलशहा, ज्याला राजे अलीखान म्हणत, हा मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. त्याने बांधलेली जामा मशीद गावाच्या मध्यभागी आजही नांदती आहे. तिच्यातील अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख आहे. त्याचा काळ विक्रम संवत १६४६, म्हणजे इ. स. १५९०. या लेखाच्या आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन आहे. जो इंद्रियांना दिसत नाही, जो सर्वत्र भरून आहे आणि जो गुणांच्या पलीकडचा आहे अशा ईश्वराची स्तुती करून मग फारूकी घराण्याची वंशावळ दिली आहे. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने या शिलेपुढे थोडा वेळ उभे राहावे. एका धर्माच्या एकेश्वरी श्रद्धेला दुसऱ्या धर्मपरंपरेच्या भाषेत शब्द देताना कोणता शब्द घ्यावा आणि कोणता गाळावा, हा प्रश्न आपल्या येथे फादर स्टीफन्स यांच्यापासून आजच्या उपासनाविधीच्या भाषांतरापर्यंत सतत आहे. बऱ्हाणपूरच्या अनामिक पंडिताने तो कोणत्याही देवतेचे नाव न घेता सोडविला. त्याच मशिदीत अकबराच्या आगमनाचा व प्रस्थानाचा फार्सी लेख १६०१ साली कोरला गेला. राजे अलीखान तो पाहण्यास नव्हता. १५९७ साली अकबराच्याच बाजूने लढताना तो रणात पडला होता.

त्याचा पुत्र बहादूर याने अकबराशी तसे सख्य राखले नाही. इ. स. १६०० च्या वसंतात अकबर स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला आणि बहादूर अशीरगडावर जाऊन बसला. बादशहाच्या छावणीत त्या वेळी येशूसंघाचे दोघे जण होते. एक फादर जेरोम झेवियर, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीच्या वंशातले. १५९५ साली लाहोरला पोहोचलेल्या तिसऱ्या मिशनचे प्रमुख. दुसरे ब्रदर बेंतो द गोइश, अझोर बेटांतील पोर्तुगीज, पूर्वीचे शिपाई, गुरुदीक्षा न घेतलेले संघबंधू. लाहोर सोडून दरबार जिकडे गेला तिकडे हे दोघे गेले. ख्रिस्ताच्या वार्तेचे या प्रदेशातील पहिले ज्ञात वाहक असे एका चढाई करणाऱ्या फौजेच्या तळावर राहात होते. हे सांगताना संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे.

गड तोफांना दाद देईना. अकबराजवळ वेढ्याला उपयोगी पडेल असा जड तोफखाना पुरेसा नव्हता; पोर्तुगीजांजवळ तो होता. तेव्हा बादशहाने धर्मगुरूंना सांगितले की चौलच्या पोर्तुगीजांना लिहून तोफा व दारूगोळा मागवा. फादर झेवियर यांनी उत्तर दिले की अशा कामात पडणे आपल्या ख्रिस्ती धर्माला धरून होणार नाही. बादशहा इतका संतापला की त्याने त्यांना दरबारातून निघून जाण्यास फर्माविले. एका स्नेही सरदाराच्या सल्ल्याने ते आपल्या मुक्कामावर गुपचूप राहिले आणि काही दिवसांनी राग निवळला.

प्रवचनात सांगण्यास ही कथा किती सोयीची आहे! जगातील सर्वांत बलाढ्य सम्राटासमोर एक निःशस्त्र धर्मगुरू उभा आहे आणि तोफा आणून देण्यास नकार देत आहे. परंतु ज्या ग्रंथात ही हकीकत आली त्या प्येर द्यु जारिक यांच्या फ्रेंच इतिहासातच पुढची गोष्टही दिली आहे. त्या वेळी पोर्तुगीजांचा खानदेशच्या राज्याशी सलोखा होता. गडावर सात पोर्तुगीज अधिकारी बहादूरच्या चाकरीत तोफा चालवीत होते. म्हणजे झेवियर यांनी तोफा आणविल्या असत्या तर त्या पोर्तुगालच्या मित्रावर आणि स्वदेशीयांवर रोखल्या गेल्या असत्या. हा विचार त्यांच्या मनात होता असे स्वतः द्यु जारिकच म्हणतो. तो येशूसंघीय होता. त्याला ते लपविता आले असते. त्याने लपविले नाही, याबद्दल आपण त्याचे ऋणी असावे.

मग या नकाराचे काय करावे? काही इतिहासकारांना वाटते की धर्माचे कारण हे निव्वळ राजकारणावरील पांघरूण होते. मला हे पटत नाही. माणसाची विवेकबुद्धी हवेत राहत नाही. ती देश, मैत्री, भीती आणि श्रद्धा यांच्या एकत्र ओढीत निर्णय घेते. झेवियर यांना बादशहाची मर्जी राखणे मिशनच्या दृष्टीने अत्यंत हिताचे होते. सारी आशाच त्या मर्जीवर होती. नकाराने ती आशा धोक्यात येत होती हे त्यांना दिसत असणार. म्हणून तो नकार खरा आहे. पण वेढ्यातील तो गड पोर्तुगालच्या शत्रूचा असता तर त्यांनी हेच उत्तर दिले असते काय, हा प्रश्नही खराच आहे, आणि आपल्याच पूर्वजांच्या साक्षीवर तो विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण मानू नये. नाथानाची कथा जतन करणाऱ्या शास्त्राने दावीदाचे दोषही जतन केलेच आहेत.

दुसरा वाद गड पडण्याविषयीचा आहे, आणि तो आपल्याला अधिक अवघड जागी नेतो. येशूसंघीय वृत्तांताप्रमाणे अकबराने स्वतःच्या मस्तकाची शपथ घेऊन बहादूरला भेटीस बोलाविले, तो आल्यावर त्याला परत जाऊ दिले नाही, आणि पुढे गडावरील अधिकाऱ्यांना द्रव्य देऊन दरवाजे उघडविले. अबुल फझल व फैझी सिरहिंदी यांच्या लिखाणात शपथभंग नाही. गडावर माणसांची व जनावरांची गर्दी होऊन रोगाची साथ पसरली आणि त्यामुळे शरण येणे भाग पडले, असे ते सांगतात. व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९१७ साली येशूसंघीय वृत्तांत जवळजवळ पूर्णपणे स्वीकारला. द्यु जारिकचे १९२६ साली इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या सी. एच. पेन यांनी त्याविषयी शंका घेतली. झेवियर छावणीत असले तरी गडाच्या दारातील प्रत्येक संभाषण त्यांनी ऐकले असणे शक्य नाही. उलट दरबारी लेखकांना धन्याची शपथ मोडल्याचे लिहिणे शक्य नव्हते. माझ्या मते दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात. साथीने गड आतून पोखरला आणि लाचेने बाहेरून उघडला. शपथेची कथा छावणीत ज्या रूपात फिरत होती त्या रूपात ती पत्रात उतरली. १७ जानेवारी १६०१ रोजी गड अकबराच्या हाती आला. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला, आणि मेण्यांच्या कपटाने सुरू झालेले फारूकींचे राज्य संपले.

गडावर सापडलेल्या त्या सात पोर्तुगीजांनी इस्लामचा स्वीकार केलेला होता. फादर झेवियर यांनी त्यांना बादशहाकडून मागून घेतले आणि ते पुन्हा ख्रिस्ती धर्मात आले. मार्च १६०१ मध्ये अकबराने गोव्याला वकील पाठविला. त्याच्यासोबत ब्रदर बेंतो बऱ्हाणपुरातून निघाले. त्यांच्याबरोबर पोर्तुगीज वंशाची मुले होती, जी या युद्धात हाती लागली होती. मे महिन्याच्या अखेरीस मंडळी गोव्यास पोहोचली आणि तेथे त्या मुलांचा बाप्तिस्मा झाला. ऐन उन्हाळ्यात तापीपासून मांडवीपर्यंत लेकरांना घेऊन जाणे म्हणजे काय, याची कल्पना या भागात मे महिन्यात पायी खेडी फिरणाऱ्या धर्मशिक्षकाला सांगण्याची गरज नाही. हेच बेंतो पुढे १६०२ साली आग्ऱ्याहून निघून मध्य आशियातून कॅथेच्या शोधास गेले, कॅथे म्हणजेच चीन हे त्यांनी ओळखले आणि ११ एप्रिल १६०७ रोजी चीनच्या सीमेवरील सुचौ या नगरात ते मरण पावले. फादर झेवियर यांनी १६०२ साली अकबराला येशूचे फार्सी चरित्र अर्पण केले. बऱ्हाणपुरात मात्र त्या वेळी चर्च उभे राहिले नाही. छावणी उठली, तसे तेही उठले.

मोगलांनी खानदेशचे नाव शहजादा दानियाल याच्यावरून दानदेश केले. १६०५ साली तो येथेच अतिमद्यपानाने मेला. पुढे अब्दुल रहीम खानखाना याच्या सुभेदारीत शहराने सर्वांत चांगले दिवस पाहिले, आणि त्यातही सर्वांत मोलाचे काम जमिनीखाली झाले. तापी शहराच्या पायाशी असली तरी काठ उंच, उन्हाळ्यात पाणी थोडे, आणि छावणीच्या शहराला शत्रू नदीचे पाणी नासवील अशी धास्ती. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातून तापीकडे झिरपत येते. तबकुतुल अर्झ नावाच्या इराणी जलतज्ज्ञाने १६१५ च्या सुमारास ते वाटेत अडविण्याची योजना केली असे मानले जाते. जमिनीखाली बोगदा, त्यावर ठरावीक अंतराने शंभराहून अधिक विहिरींसारखी तोंडे, आणि उतार असा की पाणी कोणत्याही उपसणीशिवाय शहरापर्यंत यावे. इराणात यास कनात म्हणतात. येथे लोक कुंडी भंडारा किंवा खुनी भंडारा म्हणतात. अशा एकूण आठ योजना शहरासाठी होत्या. त्याच १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो येथून गेला. त्याला काही मोठ्यांची घरे सोडता गाव मातीच्या झोपड्यांचे दिसले. वरून पाहणाऱ्याला तसेच दिसणार.

पाणी होते तरी पाऊस नव्हता, तेव्हा काय झाले ते १६३० साली दिसले. शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी त्या वर्षी मार्चमध्ये बऱ्हाणपुरात येऊन राहिला. त्या पावसाळ्यात गुजरात आणि खानदेशात पाऊस पडलाच नाही. पीटर मंडी हा इंग्रज नोव्हेंबरात सुरतेहून आग्ऱ्याकडे निघाला. रस्त्याच्या कडेची प्रेते, ओसाड गावे आणि मुले विकणारे आईबाप यांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी हाही काही लपवीत नाही. बादशहाने बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडले, बऱ्हाणपुरात वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम झाला आणि साऱ्याची मोठी सूट देण्यात आली. ही दया खोटी नव्हती. परंतु दुसरी बाजूही पाहावी : हजारोंचे सैन्य आणि त्याची जनावरे त्याच शहरात बसून होती, आणि बंजारांच्या तांड्यांचे धान्य आधी त्यांच्याकडे जात होते. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाने दुष्काळापूर्वी सात वर्षे कोठारे भरली, तरीही शेवटी लोकांना जमीन आणि स्वतःला विकावे लागले. येथे कोठारेही नव्हती.

त्याच मुक्कामात १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिचा देह सहा महिने होता. डिसेंबरात तो आग्ऱ्यास नेला. पर्यटक आज बऱ्हाणपुरात येतो तो बहुधा ती जागा पाहण्यास. त्या वर्षी याच खोऱ्यात निनावी मेलेल्यांच्या कबरी कोणी शोधीत नाही.

पुढील इतिहास भराभर सांगता येतो. १६६७ साली मिर्झाराजे जयसिंग येथे मरण पावले. जानेवारी १६८१ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुरा लुटला. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडकडे जाताना येथे राहिले. १७४८ साली निजाम-उल-मुल्क येथे मरण पावला. उदगीरनंतर १७६० साली शहर पेशव्यांकडे आणि पुढे शिंद्यांकडे आले. १८१९ साली इंग्रजांनी अशीरगड घेतला. गडावर त्यांच्या चर्चचे भग्नावशेष आणि दफनभूमी आहे. म्हणजे पुन्हा छावणीचेच चर्च. १८६० च्या सुमारास शहरही इंग्रजांकडे गेले. १८७० साली मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंत लोहमार्ग जुळला तो याच खिंडीतून, पण स्थानक झाले शहराबाहेर लालबागेत, आणि गाडीला चार महिने थांबावे लागत नाही. दरवाजाचे महत्त्व तेथेच सरले. विणकर मात्र राहिले. एके काळी त्यांचे जरीचे कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे. आज तेथे यंत्रमागांचा खडखडाट आहे.

१९७७ साली खंडवा धर्मप्रांत स्थापन झाला आणि २००३ साली बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्यातील आपल्या धर्मशिक्षकांना लोकांकडून जी तक्रार वारंवार ऐकावी लागते ती पाण्याची आहे. केळी आणि ऊस यांसाठी दशकानुदशके कूपनलिकांनी उपसा झाल्याने बऱ्हाणपूर, रावेर, यावल या पट्ट्यातील भूजल खोल गेले आहे. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांनी तापी खोऱ्यात भूजल पुनर्भरणाच्या मोठ्या योजनेचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याशी जो भरड गाळाचा पट्टा आहे, जेथे पाणी सहज मुरते, तेथे तापीचे पुराचे पाणी सोडावयाचे, अशी ती कल्पना आहे. कुंडी भंडाऱ्याच्या बांधणाऱ्यांनी विश्वास ठेवला तो डोंगराच्या याच उतारावर. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्या भंडाऱ्याचे नाव आले. पाण्यातील चुन्याने त्याच्या भिंतींवर थरावर थर चढून वाट अरुंद होत चालली आहे. पाहणाऱ्याला एका कुंडीतून खाली उतरविले जाते, आणि तेथे गुडघाभर स्वच्छ पाणी अजूनही शहराकडे वाहताना दिसते.